वशिंड्यावरचा झिरा

वशिंड्या हा डोंगर म्हणून मिरवायच्या लायकीचा नव्हताच. सातपुड्याच्या रांगेत मागेपुढे चांगले धिप्पाड डोंगर उभे असताना हा मधेच बैलाच्या वशिंडासारखा थोडा वर आलेला. ना त्याच्यावर किल्ला, ना देवीचं ठाणं, ना जत्रा. साग खालच्या अंगालाच थांबलेला, वर नुसतं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड आणि त्याच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, बारमाही पाण्याचा एक झिरा. डोंगराच्या या अंगाला आपला जळगाव जिल्हा, त्या अंगाला मध्य प्रदेशातलं निमाड. सरकारला त्याची आठवण सरहद्द म्हणून आणि गुराख्यांना गवतापुरती. बाकी कुणाचं त्याच्यावाचून अडत नव्हतं.

अडत होतं ते एका तोतारामचं. पायथ्याच्या उंबरपाट गावात तो राहायचा आणि फैजपूरकडच्या एका बागाईतदाराच्या केळीला पाणी द्यायचा. जन्मभर त्यानं हेच काम केलं. खांद्यावर कुदळ, गुडघ्यापर्यंत चिखल, या वाफ्याचं दारं फोड, त्या वाफ्याचं बांध. जमिनीला दिसत नाही असा उतार त्याच्या तळपायांना कळायचा, आणि बागाईतदार म्हणायचा, "तोतारामनं सांगितलं की पाणी चढावरही जातं." या कौतुकाचा त्याला फार उपयोग झाला नाही. पन्नाशी उलटेपर्यंत चिखलानं त्याचे गुडघे खाऊन टाकले होते. खाली बसला की उठायला हात टेकावा लागायचा, आणि उठला की वाटायचं, कशाला उठलो.

असा माणूस जवळजवळ दर महिन्याला वशिंड्या चढायचा. हौस म्हणून नव्हे. पलीकडच्या खैरकुंडात त्याची एकुलती एक लेक, कुंदा, दिलेली होती.

मोटारीनं जायचं तर सावद्याहून बऱ्हाणपूर, तिथून दुसरी मोटार, मग पायपीट, म्हणजे जायलाच एक दिवस. डोंगरावरून गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता यायचं. लग्न जमवताना सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, "पोरगी काय लांब जातेय? डोंगराच्या पाठीमागं तर आहे!" सांगणाऱ्यांपैकी कुणाला तो डोंगर चढायचा नव्हता.

आता आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. लेकीच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नसतं. तोतारामच्या भाऊबंदांत ही रीत जरा जास्तच कडक होती. घरचंच नव्हे, तर लेकीच्या गावच्या शिवेतलं पाणीसुद्धा वर्ज्य. घेतलं तर लेकीची कूस उजवत नाही, असं मानायचे. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं, मोडली तर काय होतं ते मात्र शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तोतारामच्या बापानं ती पाळली, आजानं पाळली. पण त्यांच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत लेकरं झाली आणि म्हातारे सुटले. कुंदाला काही लेकरू झालं नाही.

पहिली तीन वर्षं तोताराम गळ्यात छागल अडकवून डोंगर उतरायचा. छागल म्हणजे पाणी गार ठेवणारी किंतानाची पिशवी. लेकीच्या सासरच्या ओट्यावर बसायचा, रामराम घालायचा आणि आतून तांब्या आला की हात जोडायचा. मग सगळ्यांच्या देखत आपल्या छागलीतलं कोमट पाणी प्यायचा. विहीणबाई तांब्या उचलून आत न्यायची, तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज जरा मोठाच व्हायचा. तिचंही काही चुकत नव्हतं. दर खेपेला हा माणूस तिच्या ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला दाखवून जायचा की या घरात अजून पाळणा हललेला नाही. आणि कुंदा दाराआडून तो परत आलेला तांब्या बघायची.

मग एकदा त्याला वाटेला लावायला आली तेव्हा कुंदा म्हणाली, "बाबा, तुम्ही आता खाली येत जाऊ नका. तुमचे गुडघे दुखता अन् आत्याबाईंचा जीव. मीच वर येत जाईन, लाकडं आनायच्या निमित्तानं. झिऱ्याजवय बसू."

"झिरा कोनाच्या शिवेत?" तोतारामनं आधी तेच विचारलं.

"तो शेंदरी दगड म्हंजे शीव. झिरा त्याच्या अलीकडे. म्हंजे तुमचाच."

तोतारामला पटलं. शेंदूर फासलेला दगड माथ्यावर, एकटा, म्हणजे शिवेवरचा देवच. आपल्याकडे गावाच्या शिवेवर असाच म्हसोबा बसलेला असतो, त्यात विचारायचं काय? त्यानं दगडाला हात जोडले आणि त्या दिवसापासून बापलेकीची भेट झिऱ्यावर व्हायला लागली.

अमावास्येला आपल्याकडे औत धरत नाहीत, गड्याला सुट्टी मिळते. तो दिवस त्यांचा. तोताराम घरून भाकरी आणायचा, तिखटाचा गोळा, कधी वांग्याचं भरीत, आणि तानुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिलेले ज्वारीचे पापड, बिबडे. कुंदा झिऱ्यात तांब्या बुडवायची, पदरानं बूड पुसायची आणि बापाच्या हातात द्यायची. तो घटाघटा प्यायचा. ती बघत बसायची. पिऊन झालं की विचारायची, "अजून देऊ?" आणि त्याला तहान नसली तरी एकदा भरून द्यायचीच. सासू तिला माहेरी पाठवत नव्हती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलासुद्धा नाही, म्हणून झिऱ्याकाठची ती घटकाभरची बैठक हेच तिचं माहेर झालं होतं. तोताराम मात्र या भेटींना आताशा थकला होता. लेकीला नव्हे, डोंगराला. दर खेपेला चढताना मनात म्हणायचा की ही शेवटची, आणि उतरताना पुढची अमावास्या मोजायचा.

अशात कधीतरी हौशी लोकांना वशिंड्याचा शोध लागला.

ही साधारण सत्तर सालानंतरची गोष्ट. भुसावळचे रेल्वेतले कारकून, जळगावचे दोन मास्तर, एक दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्यांचा म्होरक्या प्रेमचंद. प्रेमचंदचं फैजपुरात कापडाचं दुकान. बाप भिकमचंदशेठ सहा दिवस गादीवर बसायचा आणि मुलगा सातव्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून डोंगरावर. पायांत कॅनव्हासचे बूट, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. काठ्या घेण्याइतका वशिंड्या अवघड नव्हता, पण घेतलेल्या काठ्या कुठेतरी टेकायला हव्यात.

तोतारामनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, मोजणीवाले असतील, नाहीतर कुणाची म्हैस हरवली असेल. मोटारीला भाडं देऊन, घरची गादी सोडून माणसं नुसती दमायला येतात, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. त्याला दमणूक फुकट मिळत आलेली होती.

"वर काय हाये हो भाऊ?" त्यानं प्रेमचंदला विचारलं.

"तुम्ही तर नेहमी येता म्हणे, आबा. तुम्हीच सांगा."

"काहीच नही."

"तेच तर!" प्रेमचंद खूश होऊन म्हणाला. "मोठ्या डोंगरावर गेलं की माणसाला आपण लहान वाटतो. हा बिचारा तसं काही करत नाही. लेकराबाळांनी चढावा, म्हाताऱ्यांनी चढावा, अन् संध्याकाळी दुकान उघडायला परत."

खरं सांगायचं तर वशिंड्याचा तेवढा गुण होताच. तो कुणाला हिणवत नव्हता. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी माथ्यावरून दक्षिणेला पाहिलं तर केळीच्या बागा हिरव्यागार, त्यांच्यापलीकडे तापीची चमकती रेघ आणि त्याहून लांब आगगाडीचा धूर. उत्तरेला निमाडचे डोंगर, एकामागे एक, पार निळे होत गेलेले. पण पाहुण्यांची खरी मौज होती ती शेंदरी दगडाशी. कुंदानं बापाला सांगितलेलं बापानं त्यांना सांगितलं होतं की ही शीव. मग काय! एक पाय दगडाच्या अलीकडे, एक पलीकडे, कमरेवर हात, आणि फोटो. एक पाय महाराष्ट्रात, एक मध्य प्रदेशात. महाराष्ट्रात भाकरी खायची, मध्य प्रदेशात हात धुवायचे. मास्तर मंडळी तर दगडाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना "आमच्या राज्यात या कधी" म्हणायची. तोतारामला त्यांच्या या पोरखेळाचं हसू यायचं, आणि कधी कधी चीडही. तुमच्यासाठी शीव म्हणजे फोटो. माझी लेक त्या शिवेपलीकडे आहे.

त्यांनीही तोतारामला आपल्यात ओढून घेतलं. या वयात, या गुडघ्यांनी, दर अमावास्येला म्हातारा चढतो म्हणजे डोंगराचं वेडच असलं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रेमचंदनं एकदा सगळ्यांपुढे त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि भाषण केलं. तोताराम माळ घालून उभा राहिला. डोंगराचं वेड नाही, नाइलाज आहे, हे सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण माळ नवी होती आणि माणसं हसत होती.

त्या वर्षी मार्गशीर्षाच्या अमावास्येला कुंदा रडत वर आली. सासूनं ठरवलं होतं, आखाजीच्या आत दुसरी आणायची. घर बघून ठेवलं होतं. म्हातारीचंही दुःख होतंच. चार लेकरं पोटातून गेल्यावर पाचवं जगलं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून नाव चिंधा ठेवलेलं. त्या एकुलत्या चिंधाचा वंश खुंटतो की काय, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

"अन् जावई काय म्हनता?" तोतारामनं विचारलं.

"ते काहीच म्हनत नही. आईसमोर त्यांची वाचाच बसते."

तोताराम घरी आला आणि त्यानं डोक्याचा पटका सोडून ठेवला, तसा सगळा जीवही सोडून ठेवावा असं त्याला वाटलं. तानुबाईला सांगितलं. ती धुळ्याकडची. इतकी वर्षं इकडे काढली, पण माहेरची बोली काही सोडली नाही. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "देवले काय दिसत नही का? आपुन कधी रीत चुकाडी का? तिना गावनं थेंबभर पानी तरी पेयेल शेतस का तुम्ही?"

"नही," तोताराम ठामपणे म्हणाला. तेवढी एकच गोष्ट त्याच्या हातातली होती आणि ती त्यानं चोख पाळली होती.

पौषातली अमावास्या रविवारी आली. गुडघे सुजलेले होते. तानुबाई म्हणाली, "तुम्हना गुडघा लोखंडना शेतस का? ऱ्हाऊ द्या ना एक डाव." पण लेकीला नक्की काय ठरलं ते कळल्याशिवाय त्याला करमेना. निघताना तिनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "तिले सांगज्यात, माय रोज याद करस."

चढताना तो नेहमीपेक्षा जास्त वेळा थांबला. वाटेतल्या धोंड्यांशी त्याची ओळख होती. हा दम खायचा, हा पाणी प्यायचा, हा परत जावं का असा विचार करायचा. त्या दिवशी तो सगळ्यांवर बसला. वर पोचला तेव्हा झिऱ्याशी प्रेमचंदची मंडळी आधीच आलेली, स्टोव्हवर चहा चढलेला. कुंदा अजून आली नव्हती.

त्या दिवशी त्यांच्यात एक नवा माणूस होता. जीवराम, मोजणी खात्यात नोकरीला. बाकीचे शेंदरी दगडाशी पाय फाकून फोटोला उभे राहिले तसा हा हसायला लागला.

"अहो, उतरा खाली. ती सरहद्द नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा कुणीतरी मांडलेला देव आहे. सरहद्दीचा खरा दगड आपण चढून आलो तिथं मागं राहिला, त्या करवंदीच्या जाळीत. चौकोनी, चुना लावलेला. मी येताना बघून आलो." जीवरामनं काठीनं दाखवलं. "डोंगरावरची हद्द पाण्यावरून ठरते. जिकडचं पाणी तापीकडे उतरतं ते आपलं, नर्मदेकडे उतरतं ते त्यांचं. आता या झिऱ्याचंच बघा ना, पाझर कुठं चाललाय? उत्तरेला. म्हणजे हा दगड त्यांचा, झिराही त्यांचा. खाली खैरकुंड म्हणून गाव आहे, त्याच्या शिवेत येतं हे सगळं."

हास्याचा असा स्फोट झाला की चहा उतू गेला. कंपाउंडर कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा! चार वर्षांचे फोटो, सगळे दोन्ही पाय मध्य प्रदेशात!" मास्तर म्हणाले, "आणि मी हात धुवायला परराज्यात जात होतो!" प्रेमचंद तर लोळायचाच बाकी राहिला.

तोतारामनं मात्र झिऱ्याकडे पाहिलं. पाणी काठावरून सांडत होतं, गवतातून वाट काढत शेंदरी दगडाला वळसा घालत होतं आणि उत्तरेच्या उतारावरून खाली, कुंदाच्या गावाकडे जात होतं. कायम तिकडेच जात आलं होतं. जन्मभर पाण्याला वाट काढून देत पोट भरलेल्या माणसाला हे एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. इथं तो पाणी बघायला येतच नव्हता, लेक बघायला येत होता.

तो जागीच बसला. आपण दर अमावास्येला लेकीच्या शिवेतलं पाणी प्यालो. एक तांब्या नव्हे, दोन दोन. तिची कूस बांधून ठेवली ती आपणच. तिच्यावर सवत आणतोय ते आपणच. त्याला घशात बोटं घालून सगळं पाणी बाहेर काढावंसं वाटलं, पण ते तर कधीच रक्तात मिसळून गेलं होतं.

"आबा, बरं वाटत नाही का? चहा घ्या." प्रेमचंदनं कप पुढे केला. चहा झिऱ्याच्याच पाण्याचा होता. तोतारामनं तोंड फिरवलं.

मंडळी हसतखिदळत खरा दगड शोधायला करवंदीकडे निघून गेली. नवे फोटो काढायचे होते. थोड्या वेळानं उत्तरेच्या वाटेवरून कुंदा वर आली. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी दोरी. बापाचा चेहरा बघून ती धावलीच.

"बाबा, काय झालं?"

"झिरा तुमच्या शिवेतला हाये," तोताराम म्हणाला. "तो सरकारी मानूस सांगे. कुंदे, माय, म्या तुही कूस बांधली. म्या पापी..."

कुंदानं चुंबळ खाली ठेवली, त्याच्यासमोर बसली आणि झिऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"झिरा आमचाच हाये म्हनून. आमच्या गावात शेंबड्या पोरालेबी माहीत हाये. तो शेंदरी दगड आमच्या गुराख्यांचा वाघदेव हाये, बाबा. शीव बीव काही नही."

तोतारामला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. "तू मले फसवलं? बापाले? माह्या हातून रीत मोडवली?"

"हो. फसवलं."

"काहून?"

"मले तुम्हाले पानी पाजाचं व्हतं!" कुंदा ओरडलीच. मग तिचा आवाज फुटला. "तीन साल तुम्ही माह्या ओट्यावर बसले, अन् मी भरलेला तांब्या तसाच परत आला. आत्याबाई तो गायीच्या पुढे ओते. मले वाटे, मी काय विटायलेली हाये? येनाऱ्या-जानाऱ्या भिकाऱ्याले पानी देते मी, अन् माह्या बापाले नही? म्हनून म्या तुम्हाले इथं आनलं. तेवढंच माह्या गावचं पानी तुमच्या पोटात जाये. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवो."

तोताराम पुटपुटला, "पन लेकरू..."

"पहिले तीन साल तुम्ही छागल घेऊन येत व्हते. थेंब नही पेले. तव्हा झालं का लेकरू?" कुंदानं पदरानं तोंड पुसलं. "नही झालं, बाबा. पेल्यानं नही अन् न पेल्यानंबी नही. नही होत, तर नही होत. मले तर समजलं. तुम्हा सगळ्याले कव्हा समजीन?"

वारा सुटला होता. करवंदीकडून प्रेमचंदची शिट्टी ऐकू येत होती आणि कुणीतरी ओरडत होतं, "आता खरा एक पाय, खरा!" राग कुठे गेला ते तोतारामला कळलं नाही. राग धरायलाही अंगात काहीतरी लागतं. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं की इतकी वर्षं हा डोंगर आपण उगाच अर्धाच चढत होतो. माथ्यापर्यंत यायचं आणि लेकीच्या दाराकडे पाठ करून परत जायचं. तिला लेकरू नाही हे तिची सासू ठणाणा करून सांगत होती आणि बाप तेच गप्प राहून सांगत होता. सासूचं निदान उघड तरी होतं.

"हात दे," तो म्हणाला.

कुंदानं हात दिला. तो उठला, भाकरीचं फडकं उचललं आणि उत्तरेच्या वाटेला लागला.

"बाबा, तिकडे कुठी?"

"खाली."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे आता काय अन् मंग काय. चाल."

उतार चढापेक्षा वाईट असतो, हे ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच ठाऊक. कुंदाच्या खांद्यावर हात ठेवून, वाटेत बसत, कण्हत, तो खैरकुंडात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. झिऱ्याचं पाणी वाटेत कधी दिसायचं, कधी गवताखाली जायचं, पण बरोबर होतं. गावाच्या तोंडाशी एका विहिरीपाशी ते दिसेनासं झालं.

चिंधा अंगणात लाकडं फोडत होता. सासऱ्याला बघून त्यानं कुऱ्हाड ठेवली आणि ओट्यावर घोंगडी अंथरली. विहीणबाई दारात आली. तिची नजर आधी गळ्याकडे गेली, छागल आहे का बघायला. छागल नव्हती. लाकडं न आणता परत आलेल्या सुनेकडे तिनं एकदा पाहिलं आणि ओठ आवळले. दुसरीची बोलणी मोडायला बाप आला, असंच तिला वाटलं असणार.

"रामराम, ईहीनबाई," तोताराम घोंगडीवर टेकत म्हणाला. "तहान लागली. पानी द्या."

म्हातारी हलली नाही. शेजारच्या ओट्यावरची बाई दळण निवडता निवडता थांबली.

"इतके साल आमचं पानी नासलेलं व्हतं," विहीणबाई म्हणाली. "आज काय झालं? तुमच्या लेकीले लेकरू तर अजून नही."

"माह्या लेकीले लेकरू नही," तोताराम म्हणाला. त्याला एवढं थकायला झालं होतं की आवाज चढवणं त्याच्यानं होणार नव्हतं. "मले हाये ना. मी माह्या लेकराच्या घरी आलो."

चिंधानं घसा साफ केला. आईसमोर त्याची वाचा फुटायला एवढी वर्षं लागली होती आणि फुटली तीही बेताचीच. "आई," तो म्हणाला, "आबा तहानेले हायेत."

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. कुंदा पुढे व्हायला लागली तशी तिला हातानं अडवून म्हातारी स्वतः आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिंचेनं घासलेला पितळेचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. ती तो पुढे धरून उभी राहिली, परत नेण्याच्या तयारीत, इतक्या वर्षांच्या सवयीनं.

तोतारामनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्याला. मधे थांबला नाही. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. दाराच्या चौकटीला टेकून कुंदा बघत होती, झिऱ्याकाठी बघायची तशीच.

विहीणबाईनं रिकामा तांब्या हातात घेतला, पण ती आत गेली नाही. तिचा आवाज जरा खाली आला होता. "गोड लागलं का आमचं पानी?" तिनं विचारलं.

"ओयखीचं लागलं," तोताराम म्हणाला. "अजून द्या."